सुरक्षा कुणाची, कशापासून आणि किती किमतीत?

७ डिसेंबर १९४१, रविवारची सकाळ. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला ओपाना नावाच्या ठिकाणी दोन तरुण सैनिक रडारपाशी बसले होते. पाळी सातला संपली होती. पण न्याहारीला न्यायला येणारा ट्रक उशीर करत होता, म्हणून त्यांनी यंत्र बंद न करता सराव चालू ठेवला. ७ वाजून २ मिनिटांनी पडद्यावर एवढी मोठी खूण उमटली, की आधी त्यांना यंत्रच बिघडल्यासारखे वाटले. सुमारे दोनशे किलोमीटरवरून विमानांचा ताफा बेटाकडे येत होता. त्यांनी फोन केला. माहिती केंद्रातल्या लेफ्टनंटने ऐकून घेतले आणि काळजी करू नका, असे सांगितले. ७ वाजून ५५ मिनिटांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले.

राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा हा विषय एम.ए.ला घेतला, की या सकाळशी कुठे ना कुठे गाठ पडतेच. कसलेला शिक्षक हा प्रसंग सांगताना शेवटचे वाक्य गाळतो आणि वर्गाला विचारतो, "त्या लेफ्टनंटच्या जागी तुम्ही असता तर?" पुढे काय झाले ते सगळ्यांनाच ठाऊक असते, त्यामुळे हात पटापट वर जातात. धोक्याचा भोंगा वाजवला असता, वैमानिकांना उठवले असते. मग शिक्षक एकेक कागद पुढे सरकवतो. त्याच सकाळी कॅलिफोर्नियाहून अमेरिकेचीच बी-१७ विमाने यायची होती, तीही जवळपास त्याच दिशेने. रडार नवे होते, ते चालवणारे शिकाऊ होते. लेफ्टनंटला त्या कामाचा अनुभव जेमतेम एका दिवसाचा होता. आता बोला! वर्ग गप्प होतो. या विषयाचा श्रीगणेशा त्या शांततेत होतो.

पर्ल हार्बरचा सर्वांत गाजलेला अभ्यास रॉबर्टा वोलस्टेटर यांनी केला. १९६२ साली त्यांचे पुस्तक आले. त्यांचा निष्कर्ष सरळ होता, पण पचायला जड. अमेरिकेकडे माहिती कमी नव्हती, उलट भरपूर होती. खरे इशारे निरर्थक माहितीच्या ढिगात मिसळलेले होते. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. सुपात धान्य घेऊन खडे निवडणाऱ्या हाताला ठाऊक असते, की दाण्याच्याच रंगाचा खडा शेवटी दाताखालीच सापडतो. घटना घडून गेल्यावर तो खडा ठळक दिसतो. घडण्याआधी तो दाणाच असतो. ही पदवी घेणाऱ्याने दोन वर्षांत एवढे जरी मनात मुरवले, तरी फी वसूल झाली म्हणायची.

विषय जन्मला कसा?

युद्धे माणसाइतकीच जुनी, पण युद्ध का होते आणि ते कसे टळेल याचा विद्यापीठात बसून अभ्यास करण्याला शंभरएक वर्षेच झाली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावी आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन सुरू झाले. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या बहिणींनी त्यासाठी पैसे दिले. पुन्हा असे होऊ नये, ही त्यामागची आस होती. वीस वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. त्याच अध्यासनावर बसलेल्या ई. एच. कार यांनी १९३९ सालीच या भाबड्या आशावादाची झाडाझडती घेणारे पुस्तक लिहिले.

'राष्ट्रीय सुरक्षा' हा शब्द सरकारी कारभारात रुळला तो मुख्यतः अमेरिकेच्या १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यामुळे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि सीआयए या दोन्ही संस्था त्याच कायद्याने आल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्ध अभ्यासाचा विभाग १९६२ साली मायकेल हॉवर्ड यांनी उभा केला. हे गृहस्थ इटलीच्या आघाडीवर लढून आलेले इतिहासकार. युद्ध समजायचे तर त्यामागचा समाज, पैसा आणि राजकारण समजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आजही या विषयाच्या चांगल्या वर्गात तोफांच्या पल्ल्यापेक्षा अंदाजपत्रकावर जास्त बोलले जाते.

भारतात १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था निघाली. ती १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. १९६२ च्या चीन युद्धाने देशाला खडबडून जागे केले. त्या पडझडीनंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य तेव्हापासून महाराष्ट्राच्या तोंडी आहे. त्यांच्याच काळात, नोव्हेंबर १९६५ मध्ये, संरक्षणविषयक अभ्यास आणि विश्लेषणाची संस्था दिल्लीत स्थापन झाली. आज तिला मनोहर पर्रीकर यांचे नाव आहे. म्हणजे एका मराठी संरक्षणमंत्र्याच्या कारकिर्दीत निघालेली संस्था गोव्याच्या संरक्षणमंत्र्याच्या नावाने ओळखली जाते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि लष्कराच्या छावण्या हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरात हा विषय रुजला, यात नवल नाही.

पहिले दोन प्रश्न

या पदवीत सिद्धांत पुष्कळ, पण त्या सगळ्यांचा गाभा तीन प्रश्नांत मावतो. सुरक्षा कुणाची? कशापासून? आणि किती किमतीत?

राज्यशास्त्रज्ञ अर्नोल्ड वोल्फर्स यांनी १९५२ सालीच बजावले होते, की राष्ट्रीय सुरक्षा हा निसरडा शब्द आहे. प्रत्यक्षात धोका नसणे ही एक गोष्ट आणि मनात भीती नसणे ही दुसरी. धोका नसताना देश घाबरू शकतो आणि धोका दाराशी उभा असताना निवांत झोपू शकतो. तेव्हा सुरक्षेच्या नावाने कुणी काही मागितले, की आधी त्या शब्दाच्या पोटात काय भरले आहे ते पाहावे.

दुसरी कल्पना जॉन हर्झ यांची, १९५० ची, 'सुरक्षेचा पेच'. शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत नाही, दिसते ती त्याच्या हातातली काठी. त्याने ती कुत्र्यासाठी घेतलेली असते, पण आपण आपली काठी जाड करतो. ती पाहून तो कुऱ्हाड आणतो. दोघांनाही भांडण नको असते आणि दोघांचीही झोप उडालेली असते. आशियाचा अणुइतिहास या नजरेने वाचून पाहा. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला. १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला चाचणी घेतली. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पुन्हा पोखरण झाले. त्याच महिन्याच्या २८ आणि ३० तारखेला पाकिस्तानने चाचण्या केल्या. प्रत्येकाच्या मते त्याचे पाऊल बचावाचेच होते. अर्थात एकट्या पेचाने सगळा उलगडा होतो असे नाही. सत्तेची हाव, घरचे राजकारण, प्रतिष्ठा हेही असतेच. परीक्षेत गुण मिळतात ते या धाग्यांपैकी कुठला किती जाड होता, हे दाखवणाऱ्याला.

तिसरा प्रश्न आणि आज्ञापत्रातली झाडे

तिसरा प्रश्न किमतीचा. तो आला की 'कुणाची' हा पहिला प्रश्नही पुन्हा समोर येतो.

१९९० च्या दशकात डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या ओले वेव्हर आणि बॅरी बुझान यांच्या गटाने एक वेगळीच बाजू दाखवली. एखाद्या विषयाला 'सुरक्षेचा प्रश्न' म्हणणे हीच एक कृती आहे, असे ते म्हणतात. तसे म्हटले की चर्चा थांबते, नेहमीचे नियम बाजूला पडतात आणि तातडीच्या उपायांना वाट मोकळी होते. म्हणून हे कोण म्हणतो आहे आणि त्याला त्यातून काय साधायचे आहे, तेही तपासायला हवे. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने 'मानवी सुरक्षा' ही कल्पना पुढे आणली. त्यामागे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते. अन्न, आरोग्य, उत्पन्न, पर्यावरण, व्यक्ती, समूह आणि राजकीय हक्क अशी सात अंगे त्यात सांगितली होती. सीमा शाबूत असली, तरी घरात दाणा नसलेला माणूस सुरक्षित कसा म्हणायचा, हा त्यातला सवाल.

हे सगळे पश्चिमेने शिकवले असे समजणाऱ्याने रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडावे. १७१५ च्या सुमारास, मराठी राज्याने औरंगजेबाशी झालेला दीर्घ झगडा पाहिलेल्या माणसाने हा राजनीतीचा ग्रंथ लिहिला. किल्ले कसे राखावेत, आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग का मानावे, टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापारी साध्या सावकारांसारखे का नाहीत आणि त्यांना किनाऱ्यालगत पक्के ठाणे का देऊ नये, हे सगळे त्यात आहे. व्यापाराच्या आडून येणाऱ्या सत्तेचा इतका स्वच्छ इशारा त्या काळात क्वचितच कुणी लिहून ठेवला असेल.

पण पदव्युत्तर वर्गात वाचावा असा भाग आरमाराच्या लाकडाचा. गलबते बांधायला लाकूड लागते. रानातला साग घ्यावा, पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, असे अमात्य सांगतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून आणि मोल देऊनच तोडावे, बळजबरी करू नये. दाराशी सिद्दी आणि फिरंगी असताना, आरमाराची निकड असताना लिहिलेले हे कलम आहे. सुरक्षा राज्याची, पण तिची किंमत कोण देणार? राज्य वाचवताना रयत दुखावली, तर वाचले कोण? आज प्रकल्पासाठी जमिनी घेताना किंवा छावणीसाठी गावे उठवताना हाच सवाल पुढे येतो. फरक इतकाच, की अमात्यांनी तो आधी विचारला आणि आपण बहुतेक वेळा कोर्टात विचारतो.

निर्णय घेतो कोण?

ऑक्टोबर १९६२ मध्ये इकडे हिमालयात चिनी फौजा उतरत होत्या, तेव्हा तिकडे क्यूबावरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले होते. १४ तारखेला अमेरिकेच्या यू-२ टेहळणी विमानाने टिपलेल्या छायाचित्रांत सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले. २८ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी ती परत नेण्याचे जाहीर केले. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना कळले त्या १६ तारखेपासूनचे ते तेरा दिवस. सुरक्षेच्या अभ्यासात यांच्याइतका चाळलेला पंधरवडा दुसरा नाही.

राज्यशास्त्रज्ञ ग्रॅहम ॲलिसन यांनी १९७१ मध्ये हीच कथा तीन वेगवेगळ्या चष्म्यांतून सांगितली. पहिल्या चष्म्यातून देश हा एक शहाणा माणूस दिसतो, नफा-तोटा मोजून पाऊल टाकणारा. दुसऱ्यातून दिसतात खाती आणि त्यांच्या ठरलेल्या पद्धती. गुप्तता एवढी महत्त्वाची असताना क्यूबातले तळ उघड्यावर, अगदी रशियातल्यासारख्याच आखणीचे का बांधले गेले? कारण बांधणाऱ्यांना तसेच बांधायची सवय होती. तिसऱ्या चष्म्यातून दिसतात एका खोलीत बसलेली माणसे. प्रत्येकजण आपापल्या खात्याच्या खुर्चीवरून बोलतो आणि निर्णय म्हणजे त्या ओढाताणीत निघालेली तडजोड असते. ग्रामपंचायतीची बैठक किंवा सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला हा तिसरा चष्मा लावायला वेळ लागत नाही.

या कथेला एक शेपूट आहे. १९९२ मध्ये हवानात जुने प्रतिस्पर्धी परिषदेला जमले, तेव्हा अमेरिकनांना कळले, की क्यूबात तेव्हा चाळीस हजारांहून अधिक सोव्हिएत सैनिक होते. सीआयएचा अंदाज दहा हजारांच्या आसपास होता. शिवाय जवळच्या पल्ल्याची अण्वस्त्रे बेटावर आधीच पोचलेली होती. म्हणजे आक्रमणाचा सल्ला देणारे सेनानी भलत्याच आकड्यांवर विसंबून बोलत होते. अनेक ठिकाणी वर्गात या प्रसंगाचा अभिनय-सराव घेतात. एक विद्यार्थी अध्यक्ष, एक सेनादलप्रमुख, एक राजदूत. माहितीचे कागद मुद्दाम उशिरा आणि अपुरे दिले जातात. सेनादलप्रमुख झालेली एरवीची अबोल मुलगी दुसऱ्या तासाला टेबलावर हात आपटू लागते. खुर्ची माणसाला कशी बोलायला लावते, हे तिला स्वतःच्याच आवाजातून कळते.

आपल्या किनाऱ्यावरचा धडा

मराठी विद्यार्थ्याला उदाहरणासाठी फार लांब जावे लागत नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले होते. १२ मार्चच्या त्या साखळी स्फोटांत २५७ माणसे गेली. तिथे यंत्रणा नव्हती असे नाही. सीमाशुल्क खाते होते, पोलीस होते. त्यांतल्या काहींनी लाच घेऊन वाट मोकळी करून दिली आणि पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी पुन्हा समुद्रातूनच आले. मासेमारीची 'कुबेर' बोट त्यांनी आधी पळवली होती. बधवार पार्कसमोरच्या मच्छीमार वस्तीपाशी ते हवेच्या होडीतून उतरले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना हटकलेही. हल्ला समुद्रमार्गे होऊ शकतो, अशा सूचना त्याआधी आलेल्या होत्या. १६६ जणांचा जीव गेला.

वरवर एकसारख्या दिसणाऱ्या या दोन घटनांत यंत्रणा दोन वेगळ्या कारणांनी हरली. शेखाडीत माणूस विकला गेला, मुंबईत इशारे ढिगात हरवले. पहिल्याला औषध प्रामाणिकपणाचे, दुसऱ्याला समन्वयाचे. रोगाची पारख न करता बोटी आणि कॅमेरे विकत घेतले, तर खर्च होतो, गुण येत नाही. २६/११ नंतर राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली, एनएसजी या कमांडो दलाची केंद्रे मुंबईसह चार शहरांत आली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी हाच विषय घेतला. पहाटे मुंबईच्या ससून डॉकवर गेली, तर तिला दिसेल की टोपल्या, बर्फ आणि लिलावाच्या आरडाओरडीत समुद्राची सर्वांत बारीक माहिती फिरते आहे. कुठली बोट ओळखीची, कुठली परकी, कुणाचे जाळे कुठे पडते, हे बोट चालवणाऱ्या तांडेलाला रडारशिवाय कळते. आता तिचा प्रश्न असा: हा तांडेल किनाऱ्याचा पहारेकरी आहे, की दर फेरीला कागद दाखवणारा संशयित? उत्तरासाठी तिला मुलाखती घ्याव्या लागतील, सरकारी अहवाल वाचावे लागतील, पोलीस ठाण्यातल्या माणसाची अडचणही ऐकावी लागेल. अमात्यांची आंब्या-फणसाची झाडे तिला इथे पुन्हा भेटतील.

दोन वर्षांत काय काय?

भारतात ही पदवी साधारण चार सत्रांची असते. ब्रिटनमध्ये एका वर्षात उरकते. विषयांची यादी थोड्याफार फरकाने तीच. सुरक्षेचे सिद्धांत, युद्धाचा इतिहास, अण्वस्त्रे आणि शस्त्रनियंत्रण, दहशतवाद, गुप्तवार्ता, सागरी सुरक्षा, सायबर, आंतरराष्ट्रीय कायदा, संरक्षणाचे अर्थकारण आणि संशोधनपद्धती. युद्धाचा जर्मन भाष्यकार क्लाउझेविट्झ आणि आपला कौटिल्य दोघेही भेटतात. कौटिल्याची गंमत अशी, की त्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथाचे हस्तलिखित म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्री यांच्या हाती आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यांनी ते १९०९ मध्ये छापले. तोवर हा ग्रंथ बहुतेकांना ऐकूनच माहीत होता.

नव्या विद्यार्थ्याची पहिली निराशा ठरलेली असते. इथे गुपिते सांगत नाहीत. सगळा अभ्यास उघड कागदांवर चालतो. पण उघड कागदही थोडेथोडके नाहीत. कारगिलच्या युद्धानंतर २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल काही भाग वगळून प्रसिद्ध झाला. स्वतःच्या चुका देशाने स्वतःच मांडल्याचे असे दस्तऐवज आपल्याकडे मोजकेच. संरक्षण दलप्रमुखाचे पद १ जानेवारी २०२० रोजी प्रत्यक्षात आले, त्याची पाळेमुळे त्या अहवालानंतर झालेल्या चर्चेत आहेत. अहवालातून निर्णयापर्यंत वीस वर्षे! कारभार कसा हलतो, याचाही हा एक धडा.

दुसरी निराशा लेखनाची. वीस पाने लिहिणे सोपे. मंत्र्याने गाडीत बसल्या बसल्या वाचावी अशी दोन पानांची टिपणी लिहिणे अवघड. काय माहीत आहे, काय माहीत नाही, पर्याय कोणते आणि प्रत्येकाची किंमत काय, एवढेच त्यात हवे. 'कदाचित', 'बहुधा' आणि 'निश्चित' हे शब्द इथे तोलून वापरावे लागतात.

नोकरीचे काय, हे पालक विचारतातच आणि त्यांनी विचारावेही. ही पदवी घेतली म्हणून गुप्तचर खात्याचे दार उघडत नाही. सरकारी नोकऱ्यांचा रस्ता त्यांच्या परीक्षांतूनच जातो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत संरक्षणशास्त्र हा ऐच्छिक विषय नाही, पण राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरला या अभ्यासाची मोठी मदत होते. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे. बाकी वाटा म्हणजे संशोधन संस्था, वृत्तपत्रे, जहाज आणि विमा कंपन्यांतले जोखीम-विश्लेषण. नुसता गणवेशाचा आणि शस्त्रांचा षौक असेल, तर त्याला मासिके पुरतात. एका प्रश्नावर सहा महिने बसायची तयारी असेल, तरच इकडे यावे.

अर्ज भरण्याआधी एक काम करून पाहा. आजच्या वर्तमानपत्रातली 'राष्ट्रीय सुरक्षा' हे शब्द असलेली एक बातमी कापा. सुरक्षा कुणाची, कशापासून आणि किती किमतीत, या तीन प्रश्नांची उत्तरे दोन पानांत लिहा. मग कागद तारीख घालून ठेवून द्या आणि वर्षाने काढून वाचा. आपण कुठे चुकलो हे वाचताना राग येण्याऐवजी कुतूहल वाटले, तर बेलाशक प्रवेश घ्या.